साण्यावरचे झाकण



इतिहासाच्या पुस्तकांत तलवारी असतात, तोफा असतात, किल्ले आणि तह असतात. झाकणाला तिथे जागा नसते. मी तीस वर्षांहून अधिक काळ खेड्यातल्या मुलांना इतिहास शिकवला, पण झाकणावर प्रश्न काढायची वेळ कधी आली नाही, कारण पाठ्यपुस्तकात तो धडाच नव्हता. आता निवृत्तीनंतर अभ्यासक्रम माझा मीच ठरवतो. तेव्हा आजचा धडा झाकणाचा.

घराला जिथे जिथे भोक असते तिथे तिथे माणसाने काही ना काही झाकण शोधून काढलेले आहे. ते झाकण कुणाच्या हाती असावे, यावरून घरात, गावात आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झालेले आहेत. यंदा हा वाद आमच्या घरी, टीव्हीच्या शेजारच्या फळीवर येऊन बसला, म्हणून हे लिहिणे. पण निमित्ताकडे नंतर येतो. आधी थोडे मागे जाऊ.

ज्यांना सास्तूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे गाव धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात आहे. भूकंपामुळे सगळ्या जगाला माहीत झालेली किल्लारी इथून जवळच. या पट्ट्यातली जुनी घरे माळवदाची होती. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, लाकडाचे खांब आणि तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर मोजायचे ते खणांवर. बाहेरच्या भिंतीला खिडकी जवळजवळ नसायचीच. चोराची भीती, उन्हाची तलखी आणि घरातल्या बायकांचा पडदा, अशी तिन्ही कारणे त्यामागे होती. घराचे तोंड आत, चौकाकडे. बाहेरून बघणाऱ्याला दिसे ती फक्त भिंत आणि दरवाजा.

मग आत उजेड यायचा कुठून? तर वरून. माळवदाला एक भोक ठेवलेले असे, त्याला आमच्याकडे साणे म्हणत. कुणी सवणेही म्हणतात. स्वयंपाकघरातला धूर साण्यातून वर जायचा आणि उन्हाचा एक कवडसा खाली उतरायचा. लहानपणी आम्ही त्या कवडशावरून शाळेची वेळ ओळखत असू. कवडसा उतरंडीच्या खालच्या मडक्यावर आला की निघायचे. घड्याळ घरात नव्हतेच.

या साण्याला झाकण असायचे. ते कुणी विकत आणत नसे. फुटक्या रांजणाचे बूड, एखादी फरशी, पुढे पुढे तेलाच्या डब्याचा ठोकून सपाट केलेला पत्रा. पावसाचे शिंतोडे आले की घरातले पोर माळवदावर पळायचे आणि साणे झाकायचे.

आता यातली गंमत बघा. साणे हा घराचा डोळा होता, पण त्या डोळ्याची पापणी घराच्या बाहेर, वरती होती. शिवाय माळवदे एकमेकांना लागून. उन्हाळ्यात सारा गाव माळवदावर झोपायचा, पापड-कुरडया वाळत घालायचा, एका माळवदावरून दुसऱ्यावर ये-जा चालायची. म्हणजे ठरवले असते तर कुणालाही कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावता आले असते. पण तसे होत नसे. दुसऱ्याच्या माळवदावर पाय ठेवण्याआधी माणूस हाक द्यायचा, "आहो, माळवदावर आलोय बरं का!" आणि साण्यापासून चार हात लांबून जायचा. साण्यातून खाली वाकून बघणाऱ्या पोराला घरच्यांचा मार बसे, आणि त्या मारावर शेजारी कधी मध्ये पडत नसत.

हीच रीत दारातही होती. म्हातारी माणसे घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खाकरत. खोकला झालेला नसे. मी येतोय, सावरून बसा, असे सांगणे असे ते. सून डोक्यावर पदर घेई, कुणी पाय पसरलेले असतील तर आखडून घेई. बघणाऱ्याने आधी आपण येतोय हे कळवायचे, असा तो साधा नियम. कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता, पण कायद्याहून कडक पाळला जाई. (पडद्याची ही रीत सुनेच्या डोक्यावर किती जड होती हे मला ठाऊक आहे. माझ्या आईने ती वाहिली आहे. तिचे गुणगान करायचे नाही. मला वेगळे काढायचे आहे ते फक्त खाकरणे.)

कॅमेरा आला तो या रीतीच्या पार पलीकडून. आमचा हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात सहाव्या निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ नावाचे थोर छायाचित्रकार होते. दरबारी मंडळी तसबिरी काढून घेत, पण पडद्यातल्या बायकांचे काय? परका पुरुष काळ्या कापडाखाली डोके घालून भिंगातून बघणार, हे कसे चालावे? दीनदयाळांनी १८९२ साली खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आणि कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई, मिसेस केनी-लेव्हिक. तसबीर हवी, पण बघणारा कोण हे ठरवण्याचा हक्कही हवा, ही गोष्ट त्या काळी हैदराबादेत एका धंदेवाईक माणसाला समजली होती. त्याने त्या हक्कासाठी भिंती बांधल्या आणि माणूसही नेमले.

जवळजवळ त्याच सुमाराला सातासमुद्रापलीकडे तोच प्रश्न निराळ्या अंगाने उभा राहिला होता. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आणला. एका फिल्मवर शंभर फोटो. तोवर फोटो म्हणजे तिवई, काचा, रसायने आणि दम धरून निश्चल बसणे, म्हणजे ज्याचा फोटो निघतो त्याला तो निघतोय हे ठाऊक असे. आता कुणीही कुणाचाही फोटो नकळत काढू शकत होता. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाईस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. झटपट फोटो आणि वर्तमानपत्रे यांनी घराच्या खाजगी आवारावर आक्रमण केले आहे, म्हणून खाजगीपणाला कायद्याने हक्क मानावे, असे त्यांचे म्हणणे. आज जगभर ज्या हक्काची चर्चा चालते तिची सुरुवात बहुतेक जण याच लेखापासून मोजतात. म्हणजे हा हक्क कागदावर आला त्यात कॅमेऱ्याचा मोठा हात होता. खाकरायची रीत मोडणारे पहिले यंत्र तेच.

आता परत आमच्या गावाकडे येतो, कारण मधल्या काळात आमचे साणेच गेले.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि ज्या माळवदांनी पिढ्यानपिढ्या ऊन अडवले तीच माळवदे अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या रात्रीविषयी मी याआधी थोडे लिहिले आहे, पुन्हा लिहिण्याचे बळ नाही. असो.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मोठे पुनर्वसन झाले. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे पार नव्या जागी वसवली गेली. घरांचे क्षेत्रफळ जमिनीच्या हिशेबाने ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्याहून मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. घरे मजबूत झाली, भूकंप सोसतील अशी झाली, आणि तेव्हा त्याचीच गरज होती. माळवदाखाली झोपायचे धाडस कुणातच उरले नव्हते. कित्येक महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि शेड असूनही बाहेरच झोपले.

पण नव्या वसाहती आखल्या त्या पट्टीने. सरळ रुंद रस्ते, सारखे प्लॉट, प्लॉटच्या मध्ये एकटे उभे घर. चौक गेला, बोळ गेला, लागून असलेले शेजाऱ्याचे घर गेले. दार थेट रस्त्यावर. रस्त्याने जाणाऱ्याला आतली चूल, आतले अंथरूण, सगळे दिसू लागले. म्हातारीला दुपारी दोन घटका आडवे व्हायचे तर कुठे व्हावे? लेकुरवाळीने पोराला पाजायचे कुठे? घराच्या यादीत भिंती होत्या, छत होते, दारे-खिडक्या होत्या. आडोसा हा शब्द त्या यादीत नव्हता.

मग आडोसा बायकांनी केला. पहिल्यांदा दोरीवर जुनी साडी आली. मग बांबूचे तट्टे, तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांचे कूड, शेडचे उरलेले पत्रे. हातात पैसा आला तशी विटांची कंपाउंड वॉल आली, आणि जिथे जागा होती तिथे भिंतींच्या आत छोटासा चौक पुन्हा तयार झाला. ज्यांनी माणसे गमावली, घरदार गमावले, त्या बायका आधी साडीचा पडदा बांधत होत्या. बाहेरून मदतीला आलेल्यांना याचे नवल वाटे. मला वाटत नसे. पडद्याआड दोन मिनिटे मोकळेपणी रडता येते, एवढे कारण पुरेसे आहे.

योगायोग असा की आमची घरे पडली त्याच वर्षी, दोन महिन्यांच्या आत, जगात एक नवा डोळा उघडला. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीची एक किटली होती. वेगवेगळ्या खोल्यांत बसणाऱ्या मंडळींना कॉफी संपली की शिल्लक आहे हे जागेवरून कळावे म्हणून त्यांनी १९९१ मध्ये तिच्यासमोर कॅमेरा लावला होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये तो इंटरनेटला जोडला गेला आणि जगात कुठूनही ती किटली दिसू लागली. जगातला पहिला वेबकॅम तो हाच. २००१ मध्ये तो बंद झाला. किटलीला लाज नसते, त्यामुळे झाकणाचा प्रश्न तेव्हा निघाला नाही.

तो निघाला कॅमेरा माणसांसमोर बसल्यावर. २००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आयसाईट नावाचा कॅमेरा काढला. संगणकावर बसवायचा, नळकांड्यासारखा. त्याच्या तोंडाशी एक कडे होते, ते फिरवले की भिंगावर पडदा येई. झाकण डोळ्याबरोबरच मिळत होते. पण पुढे दोन-तीन वर्षांत कॅमेरा संगणकाच्या चौकटीतच बसवू लागले आणि तो पडदा गेला. राहिला फक्त बारीकसा दिवा. दिवा लागला तर कॅमेरा चालू, एवढ्यावर विश्वास ठेवायचा.

हा विश्वास कसा तुटला याची एक हकीकत मास्तर म्हणून मला फार लागते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात लोअर मेरियन नावाच्या भागातल्या शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना घरी न्यायला लॅपटॉप दिले होते. हरवलेला लॅपटॉप सापडावा म्हणून त्यात अशी सोय केली होती, की शाळेत बसून त्याचा कॅमेरा चालू करता यावा. २०१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी दावा लावला तेव्हा कळले की मुलांचे त्यांच्या घरातले, त्यांच्या खोलीतले फोटो शाळेच्या संगणकावर जमा झाले होते. पडद्यावरची चित्रे धरून ही संख्या हजारांत निघाली. प्रकरण मिटवायला शाळेला ६,१०,००० डॉलर मोजावे लागले. हेतू चोरी पकडण्याचा होता, हे मी समजू शकतो. पण मास्तरने मुलाच्या वहीत बघावे, घरात बघू नये.

मग २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की काही जुन्या लॅपटॉपांत दिवा न लावताही कॅमेरा चालवता येतो. २०१६ मध्ये फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांचा एक फोटो प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसत होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनीही आपण पट्टी लावतो असे जाहीर सांगितले. म्हणजे ज्यांच्याकडे जगातली सगळी यंत्रे आणि सगळे तज्ज्ञ, ते शेवटी चिकटपट्टीवर आले. आमच्या बायका तिथे भूकंपानंतरच पोचल्या होत्या, जुनी साडी घेऊन.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली घटनेसाठी जो मसुदा मांडला, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने तो प्रसिद्ध आहे, त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे असे कलम होते. प्रत्यक्ष घटनेत ते आले नाही. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग नावाच्या माणसाच्या घरी पोलीस रात्री-बेरात्री येऊन दार ठोठावत, त्यावरून खटला झाला. न्यायालयाने हे रात्रीचे येणे बेकायदा ठरवले, पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे मात्र म्हटले नाही. ते म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले, की खाजगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

त्या निकालात आपल्या मराठी माणसांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट आहे. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाला स्वातंत्र्यासाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क त्या काळापुरता नाही, असा निकाल ज्या चार न्यायाधीशांनी दिला त्यांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असे नि:संदिग्ध लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. मुलाने वडिलांचा निकाल फिरवला, आणि त्यात वडिलांचा अनादर झाला असे कुणाला वाटले नाही.

पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यातच एक वाक्य असे आहे, की एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. ते योग्यच आहे, नाहीतर नातवाचा फोटो काढायलाही परवानगी लागेल. पण याचा अर्थ असा, की मुलाने आईवडिलांच्या घरात लावलेला कॅमेरा हा त्या कायद्याचा विषयच नाही. कायदा उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथे चप्पल काढून बाहेर थांबला. आतले आपले आपण बघायचे.

आता निमित्ताकडे.

आमच्या भागातली बरीच मुले पुण्याला, मुंबईला, हैदराबादला आहेत. गावात घरोघरी दोन म्हातारी माणसे. काही वर्षांपूर्वी दुकानांवर सीसीटीव्ही आले, मग द्राक्षबागेवर आले, मग गोठ्यात आले. आता फळीवर ठेवायचा, मान फिरवणारा, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा घरात आला आहे. मागच्या वर्षी आमच्या मंडळींचा पाय घसरला आणि पुण्याला चिरंजीवांचे चित्त थाऱ्यावर राहिना. दिवाळीला येताना तो कॅमेरा घेऊन आला, स्वतः बसवून गेला. त्यामागची माया आम्हाला कळत नाही असे नाही. तिकडे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइल उघडून बघतो, आई चालते-फिरते आहे, एवढे दिसले की त्याला जेवण जाते.

पण इकडे काय झाले ते सांगतो. जी बाई सासू-सासऱ्यांच्या मागे, साठी ओलांडल्यावर कुठे मोकळी बसायला लागली होती, ती पुन्हा डोक्यावर पदर घेऊन वावरू लागली. गुडघ्याला तेल चोळायला आतल्या खोलीत जाऊ लागली. दुपारचे आडवे होणे बंद झाले. शेजारच्या वहिनी आल्या की दोघी कुजबुजत बोलू लागल्या, कारण त्या यंत्राला कानही आहेत. मुलगा बघतो याची तिला लाज नव्हती हो. पण मोबाइल मुलाच्या हातात असतो, मुलगा ऑफिसात असतो, शेजारी कोण बसले आहे हे इथून कसे कळणार? एक दिवस ती मला म्हणाली, "अहो, स्वतःच्याच घरात मी पाहुणी झाले बघा. हा डोळा कधी बघतो, कधी नाही, काही कळत नाही. खाकरत तरी जा म्हणावं त्याला."

खाकरणे हा शब्द मला तिने दिला. वर जो इतिहास लिहिला तो सगळा त्या एका शब्दामागे लागून जमवलेला आहे.

मी चिरंजीवांना फोन केला. तो म्हणाला, "दादा, बंद करू नका. काही झालं तर?" मी म्हणालो, "बंद करत नाही, झाकण करतो." तो म्हणाला, "झाकलेलं असताना आई पडली तर?" हा प्रश्न खोटा नाही. मी त्याला एवढेच म्हणालो, "मी घरात आहे ना, बाळा. आणि मी नसेन तेव्हा तुझी आई स्वतः झाकण काढेल. पण ते तिने काढायचं." पलीकडे तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला द्या." मायलेकांचे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. चंद्रचूडांच्या घरी मुलाने वडिलांचा निकाल फिरवला होता, आमच्याकडे वडिलांनी मुलाचा फिरवला, इतकेच.

झाकण कसे केले ते सविस्तर लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी असे दोन जीव असतील.

पहिली गोष्ट, भिंगावर चिकटपट्टी लावायची नाही. डिंकाचा डाग राहतो आणि चित्र धूसर होते. शिवाय या कॅमेऱ्याची मान फिरते, तिला काही बांधले तर आतली मोटर अडखळते. म्हणून मी चिकटवायचे झाकण न करता वरून घालायची सैल टोपी केली. कॅमेऱ्याचा घेर सुतळीने मोजला, त्यात दोन बोटे जास्त धरली. औषधाच्या खोक्यापेक्षा लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चांगला, तो वळतो पण मोडत नाही. त्याची नळकांडी केली, वर गोल तुकडा चिकटवला, समोरच्या बाजूने थेट फळीपर्यंत येईल एवढी उंची ठेवली. मागे खाली वायरीसाठी खाच, आणि मागेच दोन भोके, हवा खेळती राहावी म्हणून. यंत्र थोडे तापते, त्याला गुदमरवू नये. बाहेरून मंडळींनी जुन्या खणाचा तुकडा शिवला, वर लोकरीचा गोंडा लावला. टोपी उचलायला गोंडा सोयीचा पडतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. मी आधी नुसत्या काळ्या कापडाची पिशवी करून पाहिली. दिवसा चित्र काळे आले. रात्री दिवा घालवला आणि मोबाइलवर पाहिले तर खोलीची अंधुक आकृती दिसत होती! कारण हे कॅमेरे अंधारात अवरक्त किरणांवर बघतात. आपल्या डोळ्याला ते किरण दिसत नाहीत, आणि आपल्याला काळी दिसणारी काही कापडे त्या किरणांना आरपार जाऊ देतात. (नातवंडांना दाखवायचे असेल तर टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक मोबाइलमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. अवरक्त म्हणतात ते हेच.) म्हणून टोपीच्या आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लावला. त्यातून काही जात नाही. झाकण झाले की त्याची परीक्षा मोबाइलवर घ्या, एकदा दिवा लावून आणि एकदा अंधार करून.

तिसरी गोष्ट, टोपीने डोळा झाकतो, कान नाही. बोलणेही खाजगी हवे असेल तर प्लग काढणे हाच उपाय. आमच्याकडे वीज गेली की ते आपोआप होते, तो भाग वेगळा.

चौथी गोष्ट लॅपटॉपवाल्यांसाठी. तिथे जाड झाकण चालत नाही. लॅपटॉप मिटताना काच दबून फुटते असे दिसल्याने २०२० मध्ये अ‍ॅपलनेच सांगितले, की झाकण लावायचेच तर ०.१ मिलिमीटरहून, म्हणजे साध्या कागदाहून, जाड नको. कागदाचा चिटोरा पुरे.

खर्च शून्य. आणि नियम दोन. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर टोपी काढलेली असते, ते चिरंजीवांना ठाऊक आहे. एरवी त्याला बघायचे असेल तर त्याने आधी फोन करायचा. फोन वाजतो, मंडळी पदर सावरतात किंवा सावरत नाहीत, तो त्यांचा प्रश्न, आणि जाऊन टोपी काढतात. हल्ली तर बरेचदा फोनवरच बोलणे होऊन जाते आणि टोपी काढायची दोघांनाही आठवण राहत नाही.

आमच्या एका आप्तांनी मला सांगितले, "मास्तर, मुलावर एवढा अविश्वास बरा नव्हे." त्यांना मी विचारले, तुमच्या न्हाणीघराला कडी आहे ना? ती काय तुमचा मुलगा चोर आहे म्हणून लावली? कडी आतून असते, एवढाच तिचा गुण. साण्याचे झाकण बाहेर होते, ते सगळ्या गावाच्या सभ्यतेवर चालले. आज गाव पुण्यापर्यंत आणि सर्व्हर नावाच्या कुठल्या तरी खोलीपर्यंत पसरले आहे. तिथे कोण आहे हे आपल्याला माहीत नाही आणि तिथून खाकरण्याचा आवाज येत नाही. म्हणून झाकण आत हवे, आणि घरात राहणाऱ्याच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर हवे. आमची फळी त्यासाठी दोन वीत खाली घेतली, मंडळींना स्टूल घ्यायला नको म्हणून.

जाता जाता एक विनंती. साण्याला तुमच्या गावाकडे काय म्हणत आणि त्यावर काय झाकत, ते जरूर कळवा. नांदेड-परभणीकडच्या आणि सीमेपलीकडच्या बिदर-आळंदच्या मंडळींनी तर नक्की लिहावे. माळवदे संपत चालली आहेत, त्यांच्याबरोबर हे शब्दही जातील. आणि ज्यांना टोपीचे माप हवे त्यांनी कॅमेऱ्याचा घेर मोजून पाठवावा, मंडळींकडे खणाचे तुकडे अजून पुष्कळ आहेत.